वारा जाईल तिकडे मासा

नाही, मला एक सांगा, मासा वाऱ्याबरोबर जातो म्हणून माणसानंही जायचं? आं? मासा पोहतो! मी नाशिकचा हरिहर, मला बादलीत पाय घालायचा तरी शेजारी कुणी लागतं... आणि मला बसवलं बोटीत! सौदीतल्या जुबैलच्या दर्यात!

बसवलं कुणी? नसरुद्दीनभाईनं. तांबड्या समुद्राकाठी जिझानला चार वर्षं काढून नुकताच आमच्या प्लांटवर फोरमन म्हणून आलेला, मूळचा रत्नागिरीकडचा, सात पिढ्या नाखवे. हे तो जेवतानाही सांगतो, झोपेतही सांगत असणार, हलिमावहिनींना विचारा! तर म्हणाला, "साहेब, ताजा हमूर खायचाय ना? मग वारा बघायचा. वारा वरचं पाणी ढकलतो, पाण्याबरोबर किडे, किड्यांमागं बारीक मासळी, मासळीमागं हमूर. वारा जाईल तिकडे मासा!" मी म्हटलं, असेल बाबा. आमच्याकडे वारा सुटला की फक्त वाळत घातलेले कपडे जातात.

कोस्टगार्डची परवानगी घेतली, दुपार टळल्यावर निघालो, जरा आत गेलो आणि या गृहस्थानं इंजिन बंद केलं! बंद! "भाई, बंद का?" तर म्हणे, "आवाजानं मासा पळतो. बोट वाऱ्यावर सोडायची." "आणि परत?" "दुपारचा वारा घराकडंच येतो हो! तोच आणून सोडील. आमच्या गावात शेंबडं पोर सांगेल." आता सात पिढ्यांपुढे मी काय बोलणार? बसलो, बोटीची कड दोन्ही हातांनी धरून.

आणि मासे लागले हो, खोटं कशाला बोलू! एक हमूर, दुसरा हमूर, भाई ओढतोय, ओरडतोय, "बघितलंत? वारा जाईल तिकडे मासा!" आणि मी बघतोय कुठे? प्लांटच्या चिमण्यांकडे. अगरबत्तीएवढ्या झालेल्या! लाटा बोटीला थपडा मारतायत... म्हटलं, "भाई, रागवू नका, तुमच्या गावात सूर्य कुठं बुडतो?" "दर्यात! आणि कुठं बुडणार?" "मग इथं तो चिमण्यांच्या मागं का चाललाय?"

तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा पांढराफटक! रत्नागिरीत दर्या पश्चिमेला, जिझानलाही पश्चिमेलाच, आणि इथे? पूर्वेला! पश्चिमेचा वारा तिकडे घरी आणतो, इथे थेट इराणला नेतो! सात पिढ्यांत कुणी या बाजूच्या दर्यात उतरलंच नव्हतं, मग सांगणार कोण त्याला?

इंजिनाची दोरी ओढली. फुर्र... खलास! पुन्हा ओढली. फुर्र... खलास! तो अल्लाला हाका मारतोय, मी मारुतीला, मग गणपतीला, मग दिसेल त्या ढगाला. फोनला रेंज नाही. दात वाजायला लागले हो, जुबैलच्या उकाड्यात दात! वाटलं, संपलं, बायकोला, सुनीताला कळणारसुद्धा नाही मी कुठे गेलो. भ्यालो, सरळ सांगतो, लहान पोरासारखा रडलो. आणि भाईनं काय केलं? स्वतःचं लाईफ जॅकेट काढलं आणि माझ्या जॅकेटवर चढवलं. "मला पोहता येतं, साहेब." गाठ दोनदा ओढून बघितली आणि परत इंजिनाकडं वळला.

अंधार पडायच्या आत कोस्टगार्डची बोट आली, नशीब! "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत दोरी बांधून ओढत आणलं. धक्क्यावर सुनीता रडतेय आणि शेजारी हलिमावहिनी, कमरेवर हात! "काय हो, नाखव्याचे ना तुम्ही? भर दर्यात इंजिन बंद करून कोण बसतं?" भाईनं मान खाली घातली. माझ्या अंगावर दोन-दोन जॅकेटं... मला बघवेना. निघून गेलं तोंडातून, "वहिनी, मीच म्हटलं बंद करा. आवाजानं माझं डोकं दुखत होतं."

झालं! आता कँटीनमध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी विचारतंच, "साहेब, इराणला कधी निघताय?" सुनीता आठवडाभर बोललेली नाही. आणि सगळ्यात मोठ्यानं हसतो कोण? नसरुद्दीनभाई! वर चारचौघांत सांगतो, "साहेबांना वाऱ्यातलं काही कळत नाही हो!"

मी काय करणार? म्हणतो, नाही कळत बुवा.