पाखरांचा आकडा

बोटीच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारी भावंडं उभी होती.

“ताई, बेटावर पाखरांच्या जाती आपल्या वेळेइतक्याच आहेत म्हणे.”

“ती निळ्या शेपटीची आहे?”

“ती संपली. दुसरी कुठली तरी वाऱ्याबरोबर आली. जुन्या जातात, नव्या येतात, आकडा तेवढाच राहतो.”

“आकड्याला काय चाटायचंय? दीपगृहाच्या काचेवर आपटलेली पाखरं बाबा टोपीत ठेवायचे, आठवतं?”

“शुद्धीवर येईपर्यंत. आणि स्वतः उन्हात बोडके!”

“आपल्या खोल्यांत कोण राहतं रे आता?”

“नवा दिवेवाला, त्याची बायको, दोन पोरं.”

“म्हणजे चौघंच. आपल्याइतकीच.”

“खिडकी आली, ताई. तिकिटं नुसती जायची काढू, की जाऊन-येऊन?”

“जाऊन-येऊन काढ. तिथली जागा भरलीय.”