वरची खोली

महाडच्या एसटी स्टँडवर रावजी पोलादपूरच्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी शरिफाभाभी आपल्या मुदस्सरला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला आली होती.

"तिकडं करतोस तरी काय रे?"

"युनिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनी असतात, अम्मी. प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी."

"म्हणजे आडनाव एक नि चुली वेगळ्या."

"तसंच. एकीवरचा प्रोग्राम दुसरीवर अडतो. जिथं अडतो तेवढंच मी बदलतो, मग तो तिथंपण चालतो."

"आणि त्या मशीनी मुंबईत हायत?"

"नाय गो. एक जर्मनीत, एक जपानात. फोनच्या तारेवरून काम करतो."

"मुंबईत बसून?"

"हां."

"फोन तर आता आपल्याकडंपण हाय. वरची खोली तुझीच हाय, रिकामी."

"अम्मी, मला आता तिथली सवय झालीय."

"बरं. जा, खिडकीची जागा जाईल."

गाडी फाटकाबाहेर पडली तरी शरिफाभाभी तिथंच उभी राहिली. रावजीने बाकावरची आपली पिशवी मांडीवर घेतली.

"बसा भाभी. आमचा अनिलपण मुंबईलाच हाय."