पडदे बंद, तोंडं उघडी

आदरणीय अध्यक्षबाई, माझ्यामुळे व्यासपीठावर अवघडून बसलेले पाहुणे, वाचनालयाचं हे सभागृह आपल्याला मोकळं करून देणारे ग्रंथपाल, आणि आजवर ज्यांचे नुसते गोल फोटो पाहिले होते ते माझे सर्व सहकारी, नमस्कार.

निरोपाचं भाषण मी करावं, असं सत्कारमूर्तींनीच सुचवलं. मी नको म्हणत होतो. त्यांनी लिहून कळवलं, "सरच बोलू देत. त्यांना सवय आहे." सवय आहे खरी. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला; गप्प बसायला मला कुणी शिकवलंच नाही.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी आपण धड्यांच्या व्हिडिओखाली बोललेले शब्द लिहितो. घरबसल्या, एकमेकांचं तोंडही न पाहता. प्रत्येक ओळ शेवटी जाते आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या ताईंकडे. त्यांना आपण प्रेमाने, आणि थोडं धाकानेही, 'काकदृष्टी' म्हणतो. ओळ बोलणाऱ्याच्या ओठांशी जुळली तर पुढे हिरवी खूण. नसेल तर एकच शब्द, 'अपूर्ण', आणि ओळ लिहिणाऱ्याकडे परत. माझ्याकडे किती परत आल्या ते विचारू नका, आमची मंडळी अजून हसतात. ताईंचा नियम एकच: जे बोललं गेलं तेच लिहायचं. गोड करायचं नाही.

तर एकदा तरी दोन-तीन दिवस समोरासमोर बसावं, ही टूम माझी. घोषणाही माझीच: पडदे बंद, तोंडं उघडी. लॅपटॉप कपाटात, मोबाईल टोपलीत. टाइप करून बोटं झिजली, आता जरा बोलू या, असं मी म्हणालो. टाळ्या मात्र तुम्ही वाजवल्यात.

आणि ताई? गटात सर्वांत आधी उत्तर देणाऱ्या, चिमटे काढणाऱ्या ताई इथे कोपऱ्यात मंद हसत बसलेल्या. आपण काय म्हटलं? शिष्ट दिसतात. चहाच्या रांगेत मीही म्हटलं. गटात आल्या तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "इथे बरं वाटतं, सगळं लिहिलेलं असतं." आपण त्यावर बदाम टाकले होते. वाचलं होतं का कुणी?

काल दुपारी मी फळ्याकडे निघालो, तर ताई वाटेत पाठमोऱ्या उभ्या. जरा सरकता का, म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग जे म्हणालो ते सांगायला आज जीभ उचलत नाही, पण नियम आहे. मी म्हणालो, "बहिरी आहे की काय ही". दोघंचौघं हसले. हे काम करणाऱ्यांच्या खोलीत हसले.

ते चेहरे पाहून ताई वळल्या. काय म्हणाले, असं त्यांनी शेजारच्या, आपल्याच गटातल्या नर्सबाईंना खुणेने विचारलं. नर्सबाई रडवेल्या झाल्या. पण तालीम ताईंचीच ना. त्यांनी माझं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. ताईंनी ते वाचलं, राहिलेलं प्रश्नचिन्ह घातलं, आणि खाली लिहिलं, "हो. लहानपणापासून."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला काल कळलं. संध्याकाळी गटात ताईंचा निरोप आला: काम मार्गी लागलंय, आता मी थांबते. आणि आज आपण शाल घेऊन उभे आहोत. त्यांना घालवून देणारेही आपणच, आणि सत्कार करणारेही आपणच. याची मला फार लाज वाटते.

मघापासून तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघताय, ते दिसतंय मला. नर्सबाई माझं बोलणं पडद्यावर टाइप करताहेत आणि ताई पहिल्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन ओळी तपासताहेत. हे पहिल्याच दिवशी जमलं असतं.

ग्रंथपालांचे आभार. आपण ऐकलंत आणि ताईंनी वाचलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर दाखवणाऱ्या समोरच बसल्या आहेत. ताई, माझं चुकलं. मला माफ करा.

आता मीही वळून बघतो. सगळ्या ओळींपुढे हिरवी खूण आहे. 'बहिरी'च्या ओळीपुढेसुद्धा. शेवटच्या, माफीच्या ओळीपुढे मात्र लिहिलंय, 'अपूर्ण'.

म्हणजे ओळ माझ्याकडे परत आली. आणि अपूर्ण ओळ टाकून ताई आजवर कधी उठलेल्या नाहीत. ती शाल जरा बाजूला ठेवा, अध्यक्षबाई. मी लिहायला बसतो.