दाराशी उभा असलेला

डोळ्यांत थेंब घालून शिंपीणबाईंना दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. कान मात्र उघडेच होते. शेजारी एक सासू, तिचेही डोळे मिटलेले, आणि तिची सून.

“आई, तुमचा फोन विचारतोय, ही दोन माणसं एकच का?”

“कोण दोन?”

“एक तुमचा धाकटा भाऊ, तो जुना फोटो. दुसरे आमच्या लग्नात मागे दाराशी उभे आहेत. पांढरी दाढी.”

“वेड लागलंय फोनला. भांडून गेला त्याला बावीस वर्षं झाली. तो कशाला येतोय लग्नाला?”

“डाव्या भुवईत खाच आहे, आई. दोन्ही फोटोंत.”

“झोपाळ्यावरून पडला होता. मीच ढकलला होता.”

“‘हो’ दाबू? मग फोनच त्यांना सगळ्या फोटोंत शोधेल.”

“आणि सांगेल कुणाला?”

“फोनच्या कंपनीला कळणारच. चेहरे तिकडेच जातात.”

“सख्ख्या बहिणीच्या नजरेतून सुटला गं, आणि या एवढ्याशा काचेनं गर्दीतून हुडकला. काय म्हणावं याला.”

“मग दाबू ना?”

“नको. कुणाला दिसू नये म्हणून तो दाराशी थांबला. परक्याला त्याची ओळख मी नाही द्यायची. ते चेहरे ओळखणं बंदच करून टाक. फोटो तेवढा ठेव.”

“केलं बंद.”

“जेवला असेल का गं? हसतोय का फोटोत?”

“हसत नाहीयेत. आणि कॅमेऱ्याकडेही बघत नाहीयेत, आई. तुमच्याकडे बघतायत.”