न येणाऱ्या बसचं आख्यान

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. कुणीतरी वाट बघत बसलंय. ज्याची वाट बघतंय, ते काही येणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. तर त्याला सांगावं? की बिचाऱ्याला आशेवर राहू द्यावं? दया कशात आहे?

मान डोलवू नका, उत्तर द्या! नाही ना येत? मग गोष्ट ऐका.

एक शहर होतं. नाव सांगत नाही, तिथली मंडळी पुढेच बसलीत. तिथली बस म्हणजे काय वर्णू! एका गृहस्थाचं लग्न स्टॉपवर जमलं, मुलगी रांगेत पुढे उभी होती! बस आली तेव्हा दोघं चढली नाहीत. म्हणाली, आधी साखरपुडा उरकतो. खोटं वाटतं? मलाही वाटलं होतं. पण जेवायला बोलावलं हो त्यांनी!

तर त्या शहरात बसचं अ‍ॅप निघालं. नाव काय? ‘आलीच’! मोबाईल उघडायचा, बस कुठवर आली ते बघायचं. आणि हे अ‍ॅप लिहिणारी मुलगी होती शलाका होनराव. हुशार, मनाने लोण्यासारखी. तिला साहेबांनी धाडलं, ‘जा, प्रवाशांना काय हवंय ते विचारून ये.’ हातात बावीस प्रश्नांचा फॉर्म!

शलाका स्टॉपवर गेली. म्हणाली, “काका, अ‍ॅपमध्ये गाणी असावीत का?”

काका म्हणाले, “बस असावी!”

“रंग कोणता आवडेल?”

मागून एक बाई म्हणाल्या, “येणाऱ्या बसचा कुठलाही चालेल गं!”

हसता काय? ती पोरगी खरोखर लिहून घेत होती!

बाकड्याच्या टोकाला मैनाबाई बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या. मांडीवर डबा, डब्यावर मोबाईल, मोबाईलवर नजर. शलाका शेजारी टेकली.

“आजी, कुठं निघालात?”

“दवाखान्यात. आमचे हे आहेत तिथं. शिंपीकाम करायचे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चार ते पाच भेटायला सोडतात. दुसऱ्याच्या हातचा घास घेत नाहीत हो. लहान मूल झालंय.”

शलाकाने घड्याळ बघितलं. साडेचार वाजून गेलेले!

“आजी, कधीपासून बसलाय?”

“सव्वातीन. हे काय, तीन मिनिटांत येतीय.” मैनाबाईंनी मोबाईल दाखवला. “मघापासून तीनच म्हणतंय. अडकली असेल कुठं.”

मंडळी, शलाकाने फॉर्म मिटला! का? सांगतो. प्रत्येक बसमध्ये एक यंत्र असतं, ते ‘मी इथं आहे’ असं कळवत असतं. पण बस डेपोतून निघालीच नाही तर? यंत्र गप्प! मग पडद्यावर काय दाखवायचं? बिवलकर साहेब म्हणाले होते, “प्रवाशाला निराश करायचं नाही!” म्हणून शलाकाने काय केलं, यंत्र गप्प असलं की ‘तीन मिनिटं’ दिसायची सोय केली. मायेपोटी केली हो! वाटलं, लोकांना तेवढाच धीर.

तिने डेपोत फोन लावला. “ती होय? सकाळपासून जॅकवर उभी आहे,” पलीकडचा म्हणाला.

“आजी, चालत का नाही गेलात?”

“गेले असते की! जुन्या पुलावरून तासाभराची वाट. ‘तीन मिनिटं’ असं माणसानं सांगितलं असतं तर मी कधीच निघाले असते. माणसाचा काय भरवसा! पण हे यंत्र. ते कशाला खोटं बोलेल?”

अरे, काय बोलली ती माउली! शलाका फॉर्म तिथंच टाकून उठली. “बसा माझ्या स्कूटरवर!”

निघाल्या. तर रेल्वेचं फाटक बंद! अशी लांब मालगाडी, की पहिला डबा स्टेशनात आणि शेवटच्या डब्याला अजून इंजिन निघाल्याची खबर नाही! पोचल्या तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं. वॉचमन आडवा आला.

“वेळ संपली, आजी.”

मैनाबाई भांडल्या नाहीत. नुसता डबा पुढे धरला. इतक्यात आतून रेबेका सिस्टर धावत आल्या.

“मैनाबाई! अहो, आजोबा चारपासून दाराकडे तोंड करून होते. आता भिंतीकडे वळलेत. मला वाटीला हात लावू देत नाहीत!”

वॉचमनला त्याच क्षणी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. चपला होत्या हो त्याच्या पायात!

आत म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजलेला. मैनाबाई कडेला बसल्या. “रागावलात? रागवा. पण खाऊन रागवा.” वरणभात कालवला. मग त्याचा डावा हात हळूच मागे आला आणि तिच्या पदराचा काठ चाचपायला लागला. शिवण नीट आहे का बघतात ना शिंपी, तसा. मग तोंड वळवलं. घास घेतला.

शलाका दाराशी रडत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “आजी, ती तीन मिनिटं मी लिहिलीत.”

मैनाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तू शिव्या चुकवायला लिहिलीस, की आम्हाला बरं वाटावं म्हणून?”

“बरं वाटावं म्हणून.”

“मग आता ‘नाही’ लिही, पोरी. नाही म्हटलं की पाय मोकळे होतात.”

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर आलं — ‘ही बस आज येणार नाही.’ बिवलकर साहेब कडाडले, “लोक दगड मारतील!”

शलाका म्हणाली, “मारू देत, साहेब. निदान वेळेवर पोचून मारतील!”

लोकांनी शिव्या दिल्या, मनसोक्त दिल्या. आणि चालू लागले. मैनाबाई पुलावरून निघाल्या त्या चारच्या ठोक्याला वॉर्डात!

आता मंडळी, त्या अ‍ॅपला हसलात ना? आपण कोण मोठे हरिश्चंद्र! टॉवेल गुंडाळून फोनवर सांगतो, ‘निघालोच!’ गावाकडे आईला सांगतो, ‘पुढच्या महिन्यात नक्की.’ ती गाद्या उन्हात घालते हो! तिला दुखवायला नको म्हणतो आपण, आणि तिला दाराशी बसवून ठेवतो.

काढा मोबाईल. हो, कीर्तनात! पेटीवाले, जरा थांबा. ज्याला ‘येतो’ म्हणून ठेवलंय, त्याला आत्ता खरं सांगा. येणार असाल तर दिवस सांगा. नसाल तर ‘नाही’ सांगा, पण मायेनं सांगा.

लावा फोन. देवाला घाई नाही. आरती मागून करू.