जांभळाचे दोन ग्लास

मी रामप्रसाद लिंबाजी तौर, वय ७३ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी शाळेत लिपिक, राहणार परतूर, जिल्हा जालना. आज रविवारी सकाळी अकरा वाजता स्वतःच्या पायांनी ठाण्यात आलो. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

बद्रीनाथ आसाराम खरात, वय ७२, जिनिंगमधला निवृत्त फोरमन, हा माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र आहे. आमची घरे एकाच गल्लीत आहेत. शाळेत कविता म्हणताना तो पुढे असे, मी त्याच्या मागून. मास्तर टेबलावर छडीने ताल धरत आणि अख्खा वर्ग डुलत असे. जांभळीच्या झाडावरची एक कविता आम्ही दोघांनी मिळून तालुक्याच्या स्पर्धेत म्हटली होती. हे लिहिण्याची गरज नाही असे जमादार साहेबांचे म्हणणे पडले. गरज आहे असे माझे म्हणणे आहे, म्हणून लिहून घेतले.

बद्रीनाथ तीस वर्षे दारू पीत होता. चौदा महिन्यांपूर्वी ती सुटली. आपण मनाच्या जोरावर सोडली असे तो सगळ्या गल्लीला सांगतो. वस्तुस्थिती अशी की, त्याची पत्नी साळूबाई रोज सकाळी दारू सोडवायची अर्धी गोळी कुटून त्याच्या वरणात घालते. हे त्याला माहीत नाही. गोळ्या दरमहा मी जालन्याहून आणून देतो. पहिल्या वेळी दुकानदाराने "पेशंटला सांगून द्या, बाबा" असे बजावले होते. मी हो म्हणालो होतो. साळूबाईंना ते सांगितले नाही.

जालन्याजवळ बायपासला अंबर लाउंज नावाचा नवीन बार झाला आहे. बाहेरून सगळी काच आहे. एस.टी.तून जाताना बद्रीनाथ तिकडे बघत असे. मागील आठवड्यात पारावर तो मला म्हणाला, "रामा, मपल्याला एकदा तिथं बसायचंय."

मी म्हणालो, "कशाला? सोडलीस न?"

"म्हणूनच. आजवर गुत्त्यातून मला लोकांनी उचलून आणलं. एकदा चांगल्या जागी बसतो, सरबत पितो आन् मपल्या पायानं उठून येतो. तू फकस्त सोबत चल. मंग मेलो तरी चालंल."

मला ते पटले. साळूबाईंना सांगायचे नाही असे ठरले. जालन्याला डोळे दाखवायला जातो असे सांगायचे ठरले.

शुक्रवारी रात्री मला झोप लागली नाही. तिथे गेल्यावर त्याचे मन डळमळले तर काय, असा विचार आला. त्या गोळीने माणसाला दारूची किळस येते, एवढीच माझी समजूत होती. शनिवारी सकाळी सात वाजता मी त्यांच्या घरी गेलो. बद्रीनाथ अंघोळीला गेलेला होता. मी साळूबाईंना म्हणालो, "वहिनी, आज पूर्ण गोळी घाला."

त्या म्हणाल्या, "का हो भावजी?"

मी म्हणालो, "अधूनमधून द्यावी लागते."

त्यांनी पुढे विचारले नाही. माझ्यासमोर पूर्ण गोळी कुटली.

आम्ही दुपारी चार वाजता अंबर लाउंजला पोहोचलो. बद्रीनाथने लग्नातला कोट घातला होता. दाराशी काळ्या कपड्यातल्या मुलीने आमच्याकडे, मग आमच्या चपलांकडे पाहिले. काचेजवळची सहा टेबले मोकळी होती. तिने ती राखीव असल्याचे सांगून आम्हाला आत, मुतारीच्या दाराजवळ बसवले. बाहेर लख्ख ऊन होते. आत एवढा अंधार की मला बद्रीनाथचे दातच दिसत होते. तो म्हणाला, "आरं रामा, हितं तर कंदील लावून बसावं लागंल."

बसताच मॅनेजरने एक दिवसाच्या दारू परवान्याचे दोन कागद पुढे ठेवले. मी म्हणालो, "आम्ही पीत नाही." तो म्हणाला, "काका, आत बसणाऱ्या प्रत्येकाचा भरावाच लागतो. फॉर्मॅलिटी आहे." बद्रीनाथचा चष्मा घरी राहिला होता. मी नोकरीत छत्तीस वर्षे दाखल्यांवर अंगठेबहाद्दर पालकांची नावे लिहिली, घाईच्या वेळी सह्याही केल्या. त्याच सवयीने मी दोन्ही कागद भरले आणि दोन्हींवर सही केली. बद्रीनाथच्या कागदावर बद्रीनाथ खरात अशी केली. अक्षर वळणदार आहे. ते कागद मला आज दाखवण्यात आले. दोन्ही माझ्याच हातचे आहेत.

त्यानंतर वीस मिनिटे कोणी आले नाही. मी तीन वेळा हात वर केला. हरिओम अशी पट्टी छातीवर लावलेला वेटर दर वेळी "दोन मिनिट, सर" म्हणून पुढे गेला. मागे बारा-पंधरा जणांचा वाढदिवस चालू होता, तो तिकडेच होता. पाणी मागितले, ते आले नाही. यादी वाचण्यासाठी मी मोबाईलची बत्ती लावली. हरिओम लगेच आला आणि म्हणाला, "काका, ती बंद करा, गेस्टला त्रास होतो."

बद्रीनाथ म्हणाला, "मंग आम्ही कोण, बाळा? तुहे पाहुणे न्हाईत का?"

तो हसला नाही.

यादी सगळी बारीक इंग्रजीत होती. एकच नाव मोठ्या मराठी अक्षरांत होते, रानजांभूळ. खाली काही लिहिलेले होते, ते मला दिसले नाही. ते नाव वाचून माझे लक्ष भलतीकडे गेले. शाळेमागची जांभळी, निळ्या जिभा, मास्तरांची छडी. मी बोट ठेवून म्हणालो, "हे दोन आणा. पण यात दारू नको, बिलकुल नको. नसली तरच आणा." हरिओमच्या एका कानात मोबाईलचे यंत्र होते आणि त्याची नजर मागच्या टेबलावर होती. त्याने दोन बोटे दाखवली, मान हलवली आणि गेला. त्याने काही लिहून घेतले नाही. मी पुन्हा विचारायला हवे होते.

चार वाजून पन्नास मिनिटांनी दोन ग्लास आले. वर धूर निघत होता. मी तोवर आयुष्यात दारू चाखलेली नव्हती. मला ते आंबट आणि तुरट लागले. मी बद्रीनाथला म्हणालो, "जांभूळच आहे रे."

त्याने ग्लास नाकाशी नेला. एक घोट घेतला. थांबला. माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "तुला काही लागलं का, रामा?"

मी म्हणालो, "जांभूळ."

"बराबर," तो म्हणाला. मग सगळा ग्लास प्याला.

त्याला कळले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी त्याचा चेहरा आणि मान लाल झाली. उकडून राह्यलंय म्हणून त्याने कोट काढला. घाम फुटला. छाती धडधडते म्हणाला आणि टेबलावरच ओकला. मी हरिओमला हाक मारली. तो म्हणाला, "काका, ओकायचं तर बाहेर न्या ना." मॅनेजर आला. मी त्याला विचारले, "यात दारू होती का?" तो म्हणाला, "कॉकटेल आहे काका, सरबत नव्हे. परवाना भरलाय न तुम्ही? जास्त झाली असंल, घरी न्या." मी गाडी बोलवा म्हणालो. मागे वाढदिवसाचे गाणे चालू होते, मला मोठ्याने ओरडावे लागले. त्याने दोन माणसांकरवी बद्रीनाथला बखोटीला धरून मागच्या दाराने बाहेर काढले, पुढे गेस्ट आहेत म्हणून. बाहेर त्याला भुईवर बसवले आणि दार लावून घेतले. बद्रीनाथ मला म्हणाला, "मपल्या पायानं न्हाई झालं, रामा."

रस्त्यावरचे रिक्षावाले मुझफ्फर यांनी गाडी थांबवली. त्यांनी त्याला उचलून आत घेतले आणि पाच पस्तीसला दवाखान्यात पोहोचवले.

डॉक्टरांनी विचारले, "यांना गोळ्या कोणत्या चालू आहेत?" बद्रीनाथ तेव्हा शुद्धीवर होता. त्याने माझे मनगट धरले होते आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी सांगितले, "शुगरची आणि बीपीची."

डॉक्टरांनी पुन्हा विचारले, "आणखी काही?"

मी नाही म्हणालो.

साडेसहा वाजता त्याची शुद्ध हरपली. मी फोन केल्यावरून सात वाजून दहा मिनिटांनी साळूबाई परतूरहून आल्या. त्यांना पाहिल्यावर मी डॉक्टरांना बाजूला घेऊन गोळीचे सांगितले. डॉक्टर पळत आत गेले. जाताना एवढेच म्हणाले, "त्या गोळीवर दारू म्हणजे विष. दीड तास गेला, आजोबा." काल रात्रीपासून बद्रीनाथ मशीनवर आहे. आज सकाळपर्यंत त्याने डोळे उघडलेले नाहीत.

दवाखान्यात साळूबाईंनी मला विचारले, "भावजी, पूर्ण गोळीनं तर न्हाई न झालं? मी माझ्या हातानं कुटली हो." मी पाणी आणतो म्हणून उठलो. पूर्ण गोळी घालायला सांगताना आम्ही बारमध्ये जाणार आहोत आणि गोळीमुळे असे होईल हे मला ठाऊक होते की काय, असे जमादार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, जाणार होतो ते ठाऊक होते. असे होईल हे ठाऊक नव्हते. साळूबाईंना दोन्ही ठाऊक नव्हते.

बारवाल्यांबद्दल माझी तक्रार आहे. त्यांनी सांगितलेले ऐकले नाही, न मागितलेली दारू दिली आणि आजारी माणसाला मागच्या दाराने बाहेर टाकले. परंतु गोळी मी आणली, मात्रा मी वाढवली, सही मी केली आणि डॉक्टरांशी खोटे मी बोललो. यातले काहीही साळूबाईंच्या नावावर लिहू नये. माझ्यानंतर त्यांचा जबाब आहे, त्या बाहेर बाकावर बसलेल्या आहेत. म्हणून हा जबाब दार लावून, हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे दार लावून वाचण्यात आला. मी सांगितले तेच यात उतरले आहे, कमी-जास्त काही नाही.

सही करण्यापूर्वी दार उघडले असता साळूबाई बाकावर नव्हत्या. दाराला लागून उभ्या होत्या. मजकुरात बदल करायचा आहे काय, असे जमादार साहेबांनी मला पुन्हा विचारले. नाही, बरोबर आहे.