२१४, मागचं घर

बर्निस : म्हणजे पेनसुद्धा घेणार? पर्स घेतलीत, कोट घेतलात, खसखशीचा केक घेतलात. आता आणखी काय काय उतरवू?

टॉलिव्हर : एवढंच, बाई. या खोलीत फक्त पेन्सिल चालते. पुस्तकं शंभर वर्षांची आहेत. शाईचा डाग पडला की कायमचा.

बर्निस : आणि माझ्या केकनं काय घोडं मारलंय तुमच्या पुस्तकांचं?

टॉलिव्हर : उंदीर होतात. केक माझ्या टेबलावर सुखरूप राहील.

बर्निस : सुखरूप! तुमचं तोंड बघून तसं वाटत नाही.

क्लॉडिया : मावशी, बस ना. टॉलिव्हरसाहेबांनी माझ्यापायी तीन शनिवार घालवलेत.

बर्निस : मी कुठे नाही म्हणते? आभारी आहे त्यांची. पण तुला आधीच सांगून ठेवते, क्लॉडिया, मी बघायला आलेय. सही करायला नाही.

क्लॉडिया : बघ तर आधी.

बर्निस : माझ्या बहिणीच्या थडग्याच्या दगडावर त्या बाईचं नाव येणार नाही. दफनभूमीतली जागा आम्हा दोघींच्या नावावर आहे. रीटा गेली, राहिले मी. मी नाही म्हटलं की नाही.

क्लॉडिया : आईनं लिहून ठेवलंय, मावशी. ‘विक्टोरिया गोर्चित्सा’ हे नाव माझ्या नावाच्या वर असावं. दगडवाल्याला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. एकदा जमीन गोठली की तो वसंतापर्यंत हात लावत नाही.

बर्निस : मग वसंतात लाव. रीटाच्या एकटीच्या नावानं लाव. रीटाला काय, रस्त्यातल्या मांजरीची पण दया यायची.

टॉलिव्हर : मी पलीकडे जाऊन बसू का?

बर्निस : बसा की इथेच. तुम्हाला सगळं माहीतच असणार. हिनं माझं सगळं गोत्र तुमच्यासमोर पसरून ठेवलंय.

टॉलिव्हर : मला फक्त कागद माहीत आहेत, बाई. गोष्ट मी तुमच्याकडूनच ऐकेन.

बर्निस : गोष्ट एवढीशी आहे. माझी आई, स्टेला. तीन वर्षांची होती. तिच्या आईनं तिला गिब्सन स्ट्रीटवर लिसबाईंच्या पायऱ्यांवर बसवलं, रविवारी येते म्हणाली, आणि ट्रामनं जी गेली ती गेलीच. डेट्रॉइटला. आई म्हातारपणीसुद्धा रविवारी दुपारी खिडकीशी बसायची नाही. पाठ करून बसायची. झाली गोष्ट.

टॉलिव्हर : डेट्रॉइटचं कोणी सांगितलं?

बर्निस : लिसबाईंनी. त्यांनीच वाढवलं ना आईला. सुईण होत्या. अर्ध्या गल्लीच्या बाळंतपणाला त्या, पण स्वतःला मूल नाही.

क्लॉडिया : आईनं तीन वर्षं डेट्रॉइटमध्ये शोधलं. दर खानेसुमारीत. १९२०, ३०, ४०. आठ विक्टोरिया सापडल्या. एक मिशिगनच्या तुरुंगात होती. आईला दोन महिने वाटत होतं की तीच.

बर्निस : मला फोन करून म्हणाली, बर्निस, आपली आजी घोडा चोरायची. एवढी खूश होती!

क्लॉडिया : मग दफनभूमीच्या वहीत नाव मिळालं. इथेच, बफेलोत. साल १९५३. दगड नाही, नुसता नंबर.

बर्निस : मरायला परत आली. त्यानं काय होतं?

टॉलिव्हर : बाई, हे पुस्तक बघा. जड आहे, मी धरतो. खानेसुमारी दर दहा वर्षांनी. मधल्या नऊ वर्षांत माणूस कुठे होता ते तिला माहीत नसतं. पण शहराचं पत्त्यांचं पुस्तक जवळजवळ दर वर्षी निघायचं. कंपनीचा माणूस दारोदार फिरायचा. कोण राहतं, काय काम करतं, घर त्यांचं की भाड्यानं.

बर्निस : आमच्याकडे यायचा तो. लिसबाई त्याला विमावाला समजून हाकलायच्या.

टॉलिव्हर : तरी त्यानं लिहून घेतलंय. हे १९१४. गोर्चित्सा विक्टोरिया, योझेफची विधवा. खोली भाड्यानं, सिकमोर स्ट्रीट.

बर्निस : विधवा कसली. तो पळून गेला असेल. त्या काळी टाकलेली बाई दारावर आलेल्या माणसाला विधवा म्हणूनच सांगायची. आमच्या गल्लीत युद्ध न होता इतक्या विधवा होत्या!

टॉलिव्हर : असेल. कागदात ‘विधवा’ आहे. पुढच्या वर्षी, १९१५ ची राज्याची खानेसुमारी. डेलावेअर अ‍ॅव्हेन्यूवर एका वकिलाचं घर. नोकरांत शेवटचं नाव. विक्टोरिया, वय पंचवीस, कपडे धुणारी, घरातच राहणारी.

क्लॉडिया : घरात राहणाऱ्या मोलकरणीला मूल आणायची परवानगी नसायची, मावशी. आणि सुट्टी गुरुवारी अर्धा दिवस.

बर्निस : रविवारी नाही?

क्लॉडिया : रविवारी मालकांकडे जेवायला लोक येत.

बर्निस : ...बरं. पुढे?

टॉलिव्हर : १९१७. वकिलाचं घर सोडलं. कपडे धुणारी, भाड्याची खोली, गिब्सन स्ट्रीट २३०.

बर्निस : आमच्या गिब्सनवर?

क्लॉडिया : लिसबाईंचं घर २१४. मी नकाशावर टाचण्या लावल्यात. ही लाल आजीची. या पिवळ्या तिच्या. १९१७ ला आठ घरं पलीकडे. १९२१ ला समोरच्या बाजूला, २११. १९२६ ला २१८ च्या माडीवर. तीन पत्ते, मावशी. खोली बदलली, मालक बदलले, गल्ली नाही बदलली.

बर्निस : मुलीच्या समोर राहत होती. आणि मुलीला सांगितलं डेट्रॉइट.

क्लॉडिया : कोणी सांगितलं, का सांगितलं, ते कागदात नाही. मी शोधलं. नाही मिळालं.

बर्निस : लिसबाईंनी परत दिली नसेल. इतकी वर्षं अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर. आणि हिच्याकडे काय होतं? एक पाट आणि साबण. छे, मी का तिची वकिली करतेय? समोर राहून तोंड उघडलं नाही तर मग ती जास्तच वाईट.

टॉलिव्हर : अजून एक पत्ता आहे, बाई. शेवटचा. १९३१ पासून मरेपर्यंत.

बर्निस : वाचा.

टॉलिव्हर : या पुस्तकांत मागे रस्त्यांप्रमाणे यादी असते, घर नंबर क्रमानं. पण आवारातल्या मागच्या घरांची ओळ वेगळी छापतात, बारीक अक्षरात. नवखा माणूस ती वगळतो. मीसुद्धा पहिल्या शनिवारी वगळली होती. हिनं सांगितलं, मागची घरं बघा.

क्लॉडिया : मी नाही. आईच्या वहीचं शेवटचं पान. इस्पितळात लिहिलंय, अक्षर बघ कसं उतरत गेलंय. ‘मागची घरं पाहायची राहिली.’

बर्निस : वाचा म्हटलं ना.

टॉलिव्हर : गिब्सन २१४, मागचं घर. गोर्चित्सा विक्टोरिया.

बर्निस : नाही.

क्लॉडिया : मावशी?

बर्निस : २१४ च्या मागे एकच घर होतं. घर कसलं, दोन खोल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून तिचं दार दिसायचं. तिथे च्योच्या राहायची.

टॉलिव्हर : च्योच्या म्हणजे नाव?

बर्निस : नाव नाही हो. मावशी, आत्या, काकी, सगळ्यांना पोलिशमध्ये च्योच्याच. गल्लीतल्या प्रत्येक बाईला आम्ही च्योच्या म्हणायचो. बेकरीची च्योच्या, चर्चची च्योच्या, ही मागची च्योच्या. मोठ्या बाईला नाव विचारलं तर थोबाडीत बसायची. हात लाल असायचे तिचे, कोपरापर्यंत. मला वाटायचं जन्मतःच तसे आहेत. माझ्या वेण्या ती घालायची. इतक्या घट्ट, की डोळे तिरपे व्हायचे.

क्लॉडिया : आईच्या फोटोत आहेत त्या वेण्या.

बर्निस : रीटाला तिनंच वाढवलं. आई साबणाच्या कारखान्यात, बाबा पोलादाच्या. रीटा दिवसभर मागच्या घरात. पोलिश गाणी रीटाला यायची, मला अर्धीच. आम्ही तिला... अरे देवा. रीटाला ती माहीत होती. तिच्या मांडीवर होती ती, आणि डेट्रॉइटच्या तुरुंगात शोधत बसली.

टॉलिव्हर : पाणी देऊ का? बाहेर जाऊन प्यावं लागेल.

बर्निस : तुमचे नियम! नको.

क्लॉडिया : मला वाटतं, आईला शेवटी कळलं होतं. नाहीतर तिनं मागची घरं का लिहिलं असतं?

बर्निस : मग मला का नाही सांगितलं?

क्लॉडिया : नक्की झाल्याशिवाय आई काही बोलायची का कधी? मला हे आणखी दाखवायचंय. ही १९४० ची खानेसुमारी. तुमचं घर. लिऑन, स्टेला, रीटा वय दोन. तू अजून नाहीस.

बर्निस : मी मागाहूनच आले सगळीकडे. हे कडेला काय खरडलंय?

टॉलिव्हर : त्या वर्षी नियम होता. माहिती कोणी दिली त्याची खूण करायची. घरात मोठं माणूस नसलं तर शेजाऱ्याला विचारायचं, आणि त्याचं नाव समासात लिहायचं.

बर्निस : चष्मा पर्समध्ये राहिला. तू वाच.

क्लॉडिया : ‘माहिती : विक्टोरिया गोर्चित्सा, शेजारीण.’

बर्निस : शेजारीण.

क्लॉडिया : आणि तिनं काय काय सांगितलंय बघ. स्टेला, वय अठ्ठावीस. शिक्षण सातवी. पाच वर्षांपूर्वी याच घरात. आठवड्याला किती तास काम, तेही. एकही चूक नाही, मावशी. मी आजीच्या दाखल्याशी ताडून पाहिलं. शेजारणीची सातवी कोण लक्षात ठेवतं?

टॉलिव्हर : तीस वर्षं ही पानं बघतोय. शेजारी वयात हमखास पाच-पाच वर्षं चुकतात. ही बाई नाही चुकली.

बर्निस : प्रश्न विचारणारा समोर उभा. कडेवर नात. आणि तू कोण विचारल्यावर म्हणाली शेजारीण.

क्लॉडिया : एक मलाही माहीत नाही, मावशी. त्यासाठीच तुला आणलं. सहीसाठी नाही. आजीला ठाऊक होतं का?

बर्निस : मला काय विचारतेस? आई असल्या गोष्टी बोलायची होय? तिच्या तोंडून तिच्या बाळंतपणाचं कधी ऐकलं नाही आम्ही.

क्लॉडिया : काही आठवत असेल तर.

बर्निस : काही नाही. च्योच्याबरोबर ती फार बोलायचीसुद्धा नाही. मीठ दे, पोरगी घे, एवढंच. एकदाच वर्षातून... थांब.

क्लॉडिया : काय?

बर्निस : विगिलिया. नाताळची आदली संध्याकाळ. तुम्ही काय करता हो त्या दिवशी, टॉलिव्हर?

टॉलिव्हर : आम्ही बॅप्टिस्ट. गातो.

बर्निस : आम्ही पहिला तारा दिसेपर्यंत उपाशी. मग जेवण. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायचं, कोणी अनोळखी दारात आलाच तर त्याच्यासाठी. सगळ्यांच्या घरी ते ताट रात्रभर रिकामंच राहतं. शोभेचं असतं ते. कोण येणार आहे? पण आमच्या घरी दर वर्षी, तारा दिसला की आई मला म्हणायची, जा, मागे जाऊन सांग, ताट रिकामं आहे.

क्लॉडिया : आणि ती यायची?

बर्निस : एप्रन काढून, केस विंचरून दारामागे उभीच असायची. बोलावल्याशिवाय एक पाऊल टाकायची नाही. मग ओप्लातेक मोडायचो. तो पापडासारखा पातळ असतो, टॉलिव्हर, एकमेकांच्या हातातला तुकडा मोडून घ्यायचा, वर्षाचं काही मनात असेल तर सोडून द्यायचं. आई सगळ्यांशी मोडायची. लिसबाईंशी, बाबांशी, आमच्याशी. च्योच्याशी सगळ्यात शेवटी. काही म्हणायची नाही. नुसता हात पुढे करायची. आणि च्योच्या इतका लहान तुकडा मोडायची, की मी हसायचे.

क्लॉडिया : मावशी, माझा रुमाल घे.

बर्निस : माहीत होतं तिला. माझ्या आईला माहीत होतं. मी ऐंशी वर्षं तिच्या वतीनं राग धरून बसले, आणि ती दर वर्षी सोडत होती.

क्लॉडिया : तुझा राग आजीवरच्या मायेपोटीच होता.

बर्निस : पुस्तकी बोलू नकोस. अगदी रीटासारखी दिसतेस तेव्हा. कुठाय तो दगडवाल्याचा कागद?

क्लॉडिया : पण शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तू घरी जाऊन विचार कर.

बर्निस : माझ्या वयात शुक्रवार कोणी बघितलाय? आण इकडे. नाव वरच घाला, रीटानं सांगितलं तसं. आणि खाली ‘शेजारीण’ नको. ‘स्टेलाची आई’ लिही.

क्लॉडिया : लिहिते.

बर्निस : पेन्सिलीनं केलेली सही चालेल का त्याला?

टॉलिव्हर : नाही चालणार. तुमचं पेन माझ्या टेबलावर आहे, केकशेजारी. चला, मी हात देतो. पायरी आहे इथे.

बर्निस : थांबा. ते पान एकदा. समासातलं. हात लावला तर चालेल?

टॉलिव्हर : ती प्रत आहे, बाई. खुशाल लावा.

बर्निस : कोणाचं अक्षर म्हणायचं हे? त्या मोजणीवाल्याचं ना?

टॉलिव्हर : हो. नाव वरच्या कोपऱ्यात असतं त्याचं. हर्मन कोणीतरी.

बर्निस : देव त्याचं भलं करो. घाईत असता तर नुसतं ‘घर बंद’ लिहून गेला असता.

क्लॉडिया : टॉलिव्हरसाहेब, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. आई असती तर तिनं...

टॉलिव्हर : तुमच्या आईनंच शोधलंय हे. मी नुसती पुस्तकं उचलली.

बर्निस : उचलणाऱ्याला भूक लागते. केकचा तुकडा कापते तुमच्या टेबलावर. टॉलिव्हर, तुमचं ते गाणं किती वाजता आटपतं?

टॉलिव्हर : चोवीस तारखेचं? पाचला. मग घरी. एकटाच असतो मी आता.

बर्निस : तारा साडेपाचला दिसतो. रीटाच्या घरी, क्लॉडिया पत्ता देईल. ताट रिकामं आहे.